सातवी जोडी

घर चिखलात रुतलं तेव्हा नोएमीच्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता.

महिनाभर ती आमची चिलोएची बेटं पालथी घालत होती. लाकडी चर्चं टिपली, पाणचक्क्या टिपल्या, एका म्हातारीचे जाळं विणणारे हात टिपले. आणलेले बाराही रोल संपत आले होते आणि नवा रोल मिळणार तो थेट राजधानीत, सान्तियागोला. हा शेवटचा फोटो तिनं मुद्दाम राखून ठेवला होता. सेफेरीनो बार्रियाचं घर समुद्रातून वर येतानाचा.

बायको गेल्यावर सेफेरीनोला पलीकडच्या बेटावर एकट्याला करमेना. सत्तरीत त्यानं घर आपल्या जन्माच्या बेटावर, इकडे, आणायचं ठरवलं. आमच्याकडे माणूस जागा बदलतो तेव्हा घर बरोबर नेतो. खिडक्या काढल्या, खाली ओंडके घातले, रिकामी पिंपं बांधली आणि दोन लाँचींनी ओढत घर सकाळच्या भरतीला किनाऱ्याला टेकवलं. पाणी उतरल्यावर सहा बैलजोड्यांनी ते वर घ्यायचं, एवढंच बाकी होतं. पण दुपार झाली तरी घर वीतभरही सरकलं नाही, आणि आता पाणी परत फिरलं होतं. त्यात काल पौर्णिमा झालेली. तासा-दीड तासात उधाणाच्या लाटा घर धरून आपटणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

सेफेरीनो गुडघाभर पाण्यात उभा राहून ओंडक्याखालचा चिखल फावड्यानं उपसत होता. त्या घरात त्याची बायको नांदली होती, चार मुलं जन्मली होती. दुसरं घर बांधायचं त्याचं वय नव्हतं.

"आणखी एक जोडी हवी," नोएमी म्हणाली.

"आहे की." वाळूतल्या खड्ड्यात सगळ्यांसाठी शिंपले आणि बटाटे शिजवत बसलेल्या ओतिलियानं हनुवटीनं टेकडीकडे खूण केली. "ते धुराडं दिसतंय ना, ते देल्मिरोचं. सेफेरीनोचा धाकटा भाऊ. त्याच्यासारखे बैल या बेटावर नाहीत."

"मग बोलवा की त्यांना!"

"कोण बोलावणार? घर ज्याचं, त्यानंच दारी जाऊन विनवायचं असतं. तीन आठवडे हा दारोदार फिरला. माझ्याकडे आला. ज्याच्याशी कोर्टात भांडला त्याच्याकडेसुद्धा गेला. भावाकडे तेवढा गेला नाही."

"भांडण आहे का त्यांचं?"

"कसलं डोंबलाचं भांडण! कुणाला काही माहीत नाही. पण आपण मधे पडून विनवलं तर सेफेरीनोची अब्रू जाईल. तूही जाऊ नकोस हं विनवायला."

"नाही विनवत," नोएमी म्हणाली आणि टेकडी चढायला लागली.

देल्मिरो इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसला होता. अंगणात बैल उभे होते, आमच्याकडे बांधतात तसं शिंगांना जू बांधून तयार.

"कुठं निघालात, काका?"

"कुठं नाही. बैलांची सवय मोडू नये म्हणून जुंपलेत. सकाळपासून."

"तुमचा आणि बैलांचा एक फोटो काढायचाय."

"काढ."

"इथं नको. खाली किनाऱ्यावर उजेड चांगला आहे."

देल्मिरोनं आभाळाकडे बघितलं. ते इथून तिथून सारखंच करडं होतं.

"असेल बुवा," तो म्हणाला आणि उठला.

किनाऱ्यावर सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं. "मी फोटोसाठी आलोय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि टोपी काढून बैलांशेजारी ताठ उभा राहिला. नोएमीनं कॅमेरा डोळ्याला लावला. नुसतं काढल्यासारखं करता आलं असतं, म्हाताऱ्याला काय कळणार होतं? पण तिचं मन होईना. तिनं बटण दाबलं. रोल संपला, आणि ज्यासाठी ती इतके दिवस थांबली होती तो फोटो गेला. तिला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

"झाला?"

"झाला."

देल्मिरोनं टोपी घातली आणि बैल टेकडीकडे वळवले. पाणी घराच्या पायरीवर चढलं होतं. नोएमीनं हाक मारायला तोंड उघडलं, तर ओतिलियानं तिचा दंड दाबला.

"देल्म्या!" सेफेरीनो पाण्यातून ओरडला. "कुठं चाललास? दोर बांध!"

एवढ्यावर येऊनही विनवणीचा एक शब्द नाही. ओतिलियानं कपाळावर हात मारून घेतला.

देल्मिरो गर्रकन वळला. "अख्ख्या बेटाच्या पाया पडलास. माझ्याच दारी यायला तुझे पाय मोडले होते?"

सेफेरीनो खराच गोंधळला. फावडं हातात तसंच धरून तो भावाकडे बघत राहिला. "दारी परक्यांच्या जातात," तो म्हणाला. "तुझ्या दारी काय म्हणून येऊ?"

देल्मिरोनं बैल पुढे आणले, वाकला आणि दोर बांधला. नोएमीनं कॅमेरा पाठीवर टाकला आणि इतरांबरोबर दोराला हात घातला, कारण रिकाम्या हातानं बघत उभं राहायची आमच्याकडे पद्धत नाही. सात जोड्या एकदम ओढू लागल्या. उंबऱ्याला पाणी लागलं तेव्हा घर कुरकुरलं, हललं आणि हळूहळू वर चढलं.

घर कोरड्यावर आलं तसे दोघं भाऊ धापा टाकत चिखलातच बसले.

"ही पोरगी आली नसती तर घर बुडालं असतं तुझं, थेरड्या," देल्मिरो म्हणाला.

सेफेरीनोनं तोंडावरचा चिखल बाहीनं पुसला.

"बुडालं असतं तर तुझ्याकडे राहायला आलो असतो. तेव्हाही विचारलं नसतं."