राखीव गीत

आमच्या चर्चच्या गायनमंडळात आम्ही कॉलेजपासूनचे पाच जण. मी, हार्मोनियमवर माझी बायको हन्ना, आणि तिघे मित्र. तेव्हापासूनचा आमचा एक नियम आहे. आपल्या अंत्यविधीला कोणतं गीत गायचं, ते प्रत्येकाने वहीत लिहून ठेवायचं. मग ते राखीव. उपासनेत नाही, लग्नात नाही, सरावातसुद्धा नाही.

गेल्या वर्षी त्या तिघांतला शलमोन अचानक गेला. त्याचं गीत एका दिवसात बसवताना आमची पार त्रेधा उडाली. दफनविधीवरून परतताना एलिशा म्हणाला, "पुढच्या वेळी जरा आधीपासून तयारी करू रे." तशातही आम्ही सगळे हसलो होतो.

परवा माझे रिपोर्ट आणायला हन्ना एकटीच गेली. "सगळं नॉर्मल आहे हो. फक्त आराम करा," आल्यावर म्हणाली. मग एलिशाचा फोन आला, "शनिवारी सराव नाही. तू घरीच थांब."

शनिवारी संध्याकाळी हन्ना मंडईत जाऊन येते म्हणाली आणि बाहेर पडली. घरात बसून मला कंटाळा आला, म्हणून चालत चर्चपर्यंत गेलो. हॉलमधून गाण्याचा आवाज येत होता. म्हणे सराव नाही! दोन शब्द सुनावावेत म्हणून तरातरा पायऱ्या चढलो आणि दारातच थांबलो.



आत माझं राखीव गीत बसवणं चाललं होतं, आणि हार्मोनियमवर हन्ना होती.