वीस जोडण्या

कॅनडातल्या विनिपेगमधल्या एका कंपनीची साइट, आइस हॉकीच्या रिंक म्हणजे बर्फाची मैदानं बुक करायची, तीन दिवस मधूनमधून बंद पडत होती. डेटाबेसला एका वेळी वीसच जोडण्या चालायच्या आणि कुणीतरी त्या अडवून बसत होतं.

वर्नाने अकरा वर्षं हा डेटाबेस सांभाळला होता. विभागाचं प्रमुखपद मात्र सहा महिन्यांपूर्वी टपकलेल्या लॉयडला मिळणार होतं. का, तर तो छान बोलतो!

तिने चालू जोडण्यांची यादी उघडली. वीसच्या वीस जोडण्या लॉयडच्या नावावर.

"सापडलास, मेल्या," असं पुटपुटत तिने सगळ्या एका फटक्यात तोडल्या.

समोर काचेच्या खोलीत लॉयड उभा राहून मॅनेजर ग्लेंडाशी बोलत होता. त्याच्याजवळ लॅपटॉपसुद्धा नव्हता. तो वाक्याच्या मध्येच थांबला. दहा सेकंदांनी जोडण्या आपोआप परत लागल्या, तसा तोही पुढे बोलू लागला.

तिने पुन्हा तोडल्या. तो पुन्हा थांबला.

वर्नाने काचेतून त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. तिने त्याचं लॉगिनच बंद करून टाकलं.

साइट सुरळीत चालू लागली. लॉयड तोंड उघडं ठेवून तसाच राहिला. पापणीही हलेना.

वर्ना दार ढकलून आत गेली. "ग्लेंडा, साइट मी दुरुस्त केलीय."

"श्श! ऐकू दे की गं." ग्लेंडा त्या उघड्या तोंडाकडे बघत वहीत भराभर लिहून घेत होती. मग हसून उठली आणि त्याचा ताठ हात हातात घेऊन हलवला.

"लॉयड, इतकं स्पष्ट तुझ्याशिवाय कुणी बोलत नाही. पद तुझंच."