बारा वाजून सात मिनिटांची मेमरी

“मला एवढंच सांगा,” साळवी मॅडम म्हणाल्या, “मशीन आपोआप बंद पडलं की कोणी पाडलं?”

ओमकार भाटकरने लॅपटॉप थोडा स्वतःकडे वळवला. टेबलाच्या पलीकडे प्राचार्या सुनंदा साळवी आणि परीक्षा विभागप्रमुख काशीराम शितप बसले होते. अलीकडे, दाराजवळच्या खुर्चीत, नम्रता मोहिते. तिला कोणी चहा विचारला नव्हता.

नर्सिंग कॉलेजची प्रवेश परीक्षा आदल्या दिवशी झाली होती. जागा तीस, मुली दोनशे दहा. पेपर बारा वाजता संपला आणि बारा वाजून सात मिनिटांनी परीक्षेचा सर्व्हर कोसळला. त्या वेळी सर्व्हरच्या खोलीत एकटी नम्रता होती. ती तीन वर्षांपासून कंत्राटावर मशीन सांभाळत होती. दोनशे दहा मुलींपैकी एक तिची धाकटी बहीण दिशा. देवरूखहून पहिल्या एसटीने आलेली.

शितप सरांनी हे सगळं ओमकारला दोनदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगताना ते हसलेही होते. “बहीण परीक्षेला आणि मशीन हिच्या ताब्यात. वर त्याच दिवशी मशीन पडतं. आता आम्ही काय समजायचं, तूच सांग.” नम्रताने बहिणीची उत्तरं बदलली आणि खुणा पुसायला मशीन पाडलं, असं त्यांचं म्हणणं होतं. दिशाचा पेपर रद्द आणि नम्रताचं कंत्राट संपुष्टात, असा कागद टाइप होऊन मॅडमच्या पुढ्यात आला होता. फक्त सही बाकी होती. चौकशी अजून सुरू व्हायची होती तेव्हाच तो तयार होता, हे ओमकारच्या लक्षात आलं.

त्याला खरं तर मशीन पुन्हा चालू करायला बोलावलं होतं. डिस्कवर त्याला एक मोठी फाइल दिसली. कोसळताना मशीनच्या मेमरीत जे काही होतं, ते सगळं तिच्यात होतं. ही सोय त्यानेच दोन वर्षांपूर्वी करून दिली होती. कर्नल, म्हणजे मशीनचा गाभा, कोसळला की राखून ठेवलेल्या थोड्या मेमरीतून दुसरा छोटा कर्नल उठतो आणि पहिल्याची शेवटची अवस्था डिस्कवर उतरवून ठेवतो. जागा फुकट अडते म्हणून शितप सरांनी तेव्हा कुरकुर केली होती. मग ते विसरले असावेत.

“पाडलं,” ओमकार म्हणाला. “वीज गेली नव्हती. बिघाडही नाही. सर्व्हरच्या कीबोर्डवर तीन बटणं एकदम दाबून पाडलंय. तशी ओळच आहे इथं.”

शितप सर मागे टेकून बसले. साळवी मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

“नम्रता, तुला काही म्हणायचंय?”

“होय. मीच पाडलं.”

मॅडमचा हात थांबला. बहुतेक त्यांना रडणं अपेक्षित होतं. त्या समजुतीच्या सुरात बोलू लागल्या. हात चुकून लागला असं लिहून दे, आपण प्रकरण इथंच मिटवू, दिशाच्या पेपरचंही काही बघता येईल. शितप सरांनी मान डोलावली. रद्द करायचा पेपर इतक्या सहज परत कसा मिळतो, हे कोणी विचारलं नाही.

“चुकून नाही, मॅडम,” नम्रता म्हणाली. “खुणा पुसायच्या असत्या तर मी मागची वायर उपटली असती. वीज गेली की मेमरी गेली, काही उरत नाही. तीन बटणं दाबली की सगळं फाइलीत उतरतं. भाटकर सरांना विचारा.”

ओमकारने वर पाहिलं. सकाळपासून तो तिच्याकडे पहिल्यांदाच बघत होता.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.

“पेपर बाराला संपला. त्यानंतर उत्तरांना कोणी हात लावायचा नसतो. बारा-पाचला कोणीतरी आत शिरून ती बदलत होतं. थांबवायचे अधिकार मला नाहीत. गेल्या वर्षी असंच झालं, तेव्हा मी तक्रार लिहून वर येईपर्यंत नोंदी पुसलेल्या होत्या.”

“कोण शिरलं होतं?” ओमकारने विचारलं.

“मी नाव घेतलं तर बहिणीसाठी दुसऱ्यावर आळ घेते म्हणतील. फाइलीत बघा.”

शितप सर खुर्चीत पुढे सरकले. ही चौकशी मशीन कोणी पाडलं याची आहे, मुलीने कबुली दिलेली आहे, आता भाटकरांचा वेळ आपण कशाला घ्यायचा, असं ते भरभर बोलले. ओमकार ऐकत होता आणि त्याची बोटं चालत होती. पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळी वर सरकत गेल्या. एका जागी त्याने त्या थांबवल्या आणि सावकाश वाचल्या. मग पुन्हा वाचल्या.

पंख्याने सहीचा कागद हलला. मॅडमनी त्यावर हात ठेवला.

“सापडलं,” ओमकार म्हणाला. त्याचा आवाज आधीपेक्षा खाली आला होता. “कोणाच्या नावाने आत शिरले ते आहे. आणि कुठल्या दालनातल्या कॉम्प्युटरवरून, तेही आहे. मोठ्याने वाचू काय?”

“नको,” शितप सर म्हणाले.

“नको,” साळवी मॅडम म्हणाल्या, अगदी त्याच वेळी.

नम्रताने मान वळवून मॅडमकडे पाहिलं. तिला फक्त नाव माहीत होतं, दालन नाही.