दांड्याचं माप

गोणपाटावर मांडलेल्या कुऱ्हाडींकडे बोट दाखवून म्हस्कू आबा मुलाला म्हणाले, "निवड."

शिरूरच्या बाजारात मीरासाहेब लोहार लिंबाखाली बसायचा. आज त्याच्यापुढं सात पाती होती, सगळी मधल्या मापाची, बिनदांड्याची. धाकटी कुऱ्हाड बाभळीच्या फांदीला पुरत नाही आणि थोरली दिवसभर खांद्यावर वागवली तर माणूस संध्याकाळी वाकडा होऊन बसतो. मेंढरांमागं चालणाऱ्याला मधलीच लागते, आणि ती पैशाला जागावी लागते. संपतला हे लहानपणापासून ठाऊक होतं. आज नेमकं ते ठाऊक नसल्यासारखं वागायचं होतं.

थोरल्या भावाचा, बिरदेवचा गुडघा मोटारसायकलवरून पडून कामातून गेला होता. दिवाळी झाली की मेंढरं कोकणाकडं उतरणार, ती पावसाळ्याच्या तोंडालाच माघारी फिरणार. संपतच्या खिशात रांजणगावच्या कंपनीचं पत्र होतं. फिटर म्हणून सोमवारी हजर व्हायचं. त्यावर आबांनी आपला निकाल देऊन टाकला होता. "ज्याला कुऱ्हाड कळत न्हाई, त्याच्या हाती मी मेंढरं देत न्हाई. बाजारात फसलास तर मेंढरं चुलत्याला देतो, आन् तू जा तुझ्या कंपनीत."

आबा शब्दाचे पक्के. म्हणून तर आज न्हावऱ्याहून निघताना, भाकरी बांधून देता देता आई संपतच्या कानाशी लागली होती, "येड्यावानी निवड, लेकरा."

फसायचं म्हणजे काय मोठं काम नव्हे. बाजारात माणसं न शिकता फसतात.

संपत खाली बसला. एकेक पातं उचलून त्याच्या नेढ्यात, म्हणजे दांड्याच्या भोकात, बोट घालून तो ते लोंबतं धरी आणि नाण्यानं वाजवी. पहिली चार नुसतीच वाजली. पाचवं वाजलं ते वाजतच राहिलं. ट्रकच्या कमानपाट्याचं लोखंड होतं, तापवून पाणीही बेतानं दिलेलं. तळहातावर ते असं बसलं की सोडवेना. संपतनं स्वतःवरच चिडून ते खाली ठेवलं.

सातवं निळ्या रंगाचं होतं, धार आरशासारखी. ते बद्द वाजलं. नेढ्याच्या कडेवर अंगठा फिरवताना रंगाखाली केसाएवढी चीर लागली. हेच ते. संपतला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याला खोकावं लागलं.

"ही," तो म्हणाला.

"हीच?"

"व्हय. धार बघा की. आन् रंग बी झ्याक हाय."

मीरासाहेबानं मान वर केली. "आबा, ती माझ्या हातची न्हाई. बाहेरनं आलीय. मी अजून वाजवून बी बघितली न्हाई."

"असू दे. त्यानं निवडलीय. चाचणीचा दांडा घाल हिला. दोन घाव मारू दे."

मीरासाहेबानं दांडा ठोकून दिला. बाभळीचा ओंडका समोर होताच. आबा नेहमीसारखे ओंडक्यापलीकडं समोरासमोर उकिडवे बसले. ढलपी कशी निघते ते त्यांना जवळून बघायचं असे.

संपतनं कुऱ्हाड डोक्यावर नेली. एक घाव, की पातं नेढ्यात फुटणार. मग सोमवार, कंपनीचं गेट, पगार, आठवड्याची सुट्टी. पातं फुटणार आणि तुकडा जाणार समोर. समोर आबांचा फेटा होता, त्याखाली पांढऱ्या भुवया, आणि ओंडक्यावर लागलेले दोन डोळे.

त्यानं कुऱ्हाड खाली घेतली. पुन्हा उचलली.

"मार की," आबा म्हणाले.

हळू मारावी तर आबा दुसऱ्यांदा मारायला लावणार. संपतचे हात तसेच वर राहिले. घाम कानामागून मानेवर उतरला.

"आबा, जरा बाजूला व्हा."

"का?"

संपतनं दांड्यावरची पकड बदलली.

"चांगली हाय म्हणालास न्हवं? मग मी कशापायी उठू?"

शेजारी कांदेवाला भाव ओरडत होता. संपतनं कुऱ्हाड हळूच खाली आणली आणि ओंडक्याला टेकवून ठेवली, धार स्वतःकडं करून.

आबा गुडघ्यावर हात देऊन उठले. जिंकल्याचं त्यांच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. उलट एकदम दमल्यासारखे वाटले. त्यांनी गोणपाटावरचं पाचवं पातं उचललं. न वाजवताच मीरासाहेबाच्या हातात दिलं.

"ही घाल. मघाशी हिच्यापाशी थांबला हुता."

मीरासाहेबानं दांड्यांच्या मोळीतून एक बाभळीचा दांडा ओढला. दांडा ज्याचा त्याच्या मापाचा असतो, काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत. दुसऱ्याच्या मापाची कुऱ्हाड कुणी खांद्यावर घेत नाही.

"माप कुणाचं घिऊ?" त्यानं विचारलं.

आबा एसटी स्टँडाच्या रस्त्याकडं बघत राहिले. वाटलं तर मापाला स्वतःचा हातही पुढं करता आला असता त्यांना. पण त्या हातानं आता कोकण गाठणं होणार नव्हतं, हे तिघांनाही दिसत होतं.

संपतनं सदऱ्याच्या खिशातलं पत्र काढलं, घडी करून विजारीच्या खिशात खोल घातलं आणि उजवा हात सरळ पसरला.

मीरासाहेबानं काखेत सुतळी धरली. "अजून वाढायचा न्हाईस न्हवं? दांडा आखूड पडंल मग."

"न्हाई, चाचा," संपत म्हणाला. "घ्या माप."