नऊ घरांचा चहा

पहिल्याच घरी कोंबडीनं सुशीलाच्या मनगटावर तीन ओरखडे काढले.

"कोंबडीची शुगर बघतीस काय गं?" शांतीमावशी पदराआड हसली.

"शुगर न्हाई मावशी, बर्ड फ्लू."

कोंबडीच्या घशातून फिरवलेली कापसाची काडी सुशीलानं कुपीत बुडवली, त्यातला थेंब पट्टीच्या सोनेरी टोकावर सोडला आणि पट्टी मोबाईलएवढ्या यंत्रात सरकवली. विषाणू असला की तो त्या टोकाला चिकटतो, वीज अडते, आकडा चढतो. वीसच्या वर गेला की संपलं.

दहा मिनिटांनी आकडा आला. सहा.

शेजारच्या नंदिगड्ड्याच्या ओढ्याकाठी मेलेले कावळे सापडल्यापासून कोंबड्या कापायला बंदी होती आणि गावोगावी जनावरांची देखभाल करणारी पशुसखी सुशीला चार दिवस पायपीट करत होती. आज गुंद गावची नऊ घरं. एका घरी जरी आकडा चढला तरी गावातल्या झाडून सगळ्या कोंबड्या खड्ड्यात जाणार. आणि एक जरी आजारी कोंबडी नजरेतून सुटली, तर आजार माणसांत शिरणार. जनावरांच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, कोंबडी तूच निवडायची.

पण परक्या बाईचा हात डालग्यात गेला की कोंबडी अंड्यांवर बसत नाही, असं इथं मानतात. सुशीलाच्या आईचंही तेच म्हणणं. वाद घालायला थकलेल्या सुशीलात जीवच उरला नव्हता.

"तुमीच आणून द्या," ती म्हणायची.

"देतो की. आदी च्या घे."

घरटी एक कप. गुळाचा, काळा, कढत. नाही म्हणायची सोय नव्हती. पाचव्या घरी चहा संपून कपाचा तळ वाळला, तेव्हा कुठं नागेश कोंबडी काखेत मारून धापा टाकत आला.

"परड्यात पळाली हुती, अक्का!"

"तुमीबी तिच्यामागं पळालासा वाटतं."

"व्हय तर! म्हातारपणी हेच ऱ्हायलं हुतं."

सहा. सात. सहा.

तिसऱ्या घरापासून ओरखडे थांबले होते. सातव्या घरी तर कोंबडी मांडीवर गप्प बसून राहिली. चार दिवसांत हात बसला आपला, सुशीलाला वाटलं, आणि एवढ्या थकव्यातही बरं वाटलं. आठव्या घरचं डालगं गोणपाटाखाली झाकलेलं. आतून साधी फडफडही नाही. उन्हानं सगळं गावच पेंगत होतं.

नववं, शेवटचं घर लखूमामाचं. मोबाईलला रेंज फक्त त्याच्या खळ्यात. पुढं स्वतःच्या घरी पोचेपर्यंत ती मिळणार नव्हती, म्हणून सुशीलानं शेवटची कोंबडी तपासायच्या आधीच, चहा पिता पिता डॉक्टरांना निरोप धाडला : गुंद, नऊही घरं सुरक्षित.

"मग रविवारी देवाला कोंबडं चालंल न्हवं?" लखूमामानं विचारलं. त्याचा आवाज उगाचच बारीक झाला होता.

मोबाईल वाजला. डॉक्टरांचं उत्तर होतं. बंदी उठवली.

"चालंल, मामा."

लखूमामानं डोळे मिटून देवाला हात जोडले. मग आत जाऊन कोंबडी आणली आणि हलकेच तिच्या मांडीवर ठेवली.

आता तपासणी म्हणजे नुसती औपचारिकता उरली होती. सुशीलानं पाकीट फाडून काडी बाहेर काढली.

काडी दिसताच कोंबडीनं मान वर केली आणि सवयीनं, आपण होऊन चोच उघडली.