गायबराव

पाच सुपरहिरोंच्या कार्टून मालिकेत सहावा गडी आणायचं ठरलं, तेव्हा लेखिकाबाईंनी मनात साठलेला सगळा राग त्याच्यात ओतला. नाव ठेवलं गायबराव. शत्रू चाल करून आला की हा अदृश्य. लढाई जिंकून फोटोची वेळ झाली की बरोबर मधोमध उभा. नमुना अर्थातच दिग्दर्शक. काम दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं आणि श्रेय आपल्या खिशात घालायचं, हे शिकावं तर त्याच्याकडूनच.

गायबराव मनासारखा उतरावा म्हणून बाई आठवडाभर घरीच बसल्या. चालू भागाच्या दुरुस्त्या तेवढ्या चित्रकारावर सोपवल्या. तो बिचारा करतोच नेहमी. आणि नाहीतरी मालिका चालते ती लेखनावर.

वाचनाच्या दिवशी हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. आता याचा चेहरा पडणार, म्हणून बाई डोळ्याच्या कोपऱ्यातून दिग्दर्शकाकडे बघत होत्या. पण तो डोळे पुसत उठला आणि टाळ्या वाजवू लागला. पाठोपाठ सगळी खोली उभी राहिली.

"मानलं बाई तुम्हाला," तो म्हणाला. "स्वतःचीच अशी टोपी उडवायला वाघाचं काळीज लागतं."

बाईंनी आधारासाठी चित्रकाराकडे पाहिलं. तो तर अजून टाळ्याच वाजवत होता.

 

"खरंच ताई. आम्हाला वाटायचं, तुम्हाला याचा पत्ताच नाही."