एका झाडाच्या शंभर सकाळी

झाडाला विचारल्याशिवाय झाडाचं चित्र काढू नये, असं चित्रकाराचं ठाम मत होतं. झाडाने परवानगी दिली, की तो टॅबलेट चार्जिंगवरून काढायचा.

रोज सकाळी साडेसातला तो चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत बसे आणि समोरच्या गच्च्यांपलीकडच्या उंच झाडाकडे दहा मिनिटं एकटक बघे. झाड नाही म्हणालंय, असं कधी घडलं नव्हतं. मग स्टायलस उचलायचा. एकेक पान हाताने. कॉपी-पेस्ट म्हणजे पाप. निसर्गात दोन पानं सारखी नसतात, असं तो ऑनलाइन वर्गात सांगे. या झाडाची तशी सारखीच दिसत. पण तो दोष त्याने चष्म्याच्या नंबराला दिला होता. वारा सुटला की आजूबाजूची झाडं अंगात आल्यासारखी घुमत. हे जेमतेम मान हलवी.

"स्थितप्रज्ञ," तो म्हणायचा.

बायको "हो का" म्हणायची. झाडाबद्दल ती वाकडा शब्द काढत नसे. या घरात येण्यापूर्वी दोन वर्षं नवऱ्याने एक रेघ ओढली नव्हती. सोफ्याच्या कोपऱ्याला त्याच्या बसून राहण्याने पडलेला खड्डा अजून होता. इथे आल्यावर झाड दिसलं आणि हात सुरू झाला. आता शंभर चित्रांचं प्रदर्शन ठरलं होतं. नव्याण्णव झाली होती.

शंभरावं चित्र सुरू करायच्या सकाळी झाडापाशी क्रेन उभी होती. पिवळ्या हेल्मेटवाला एक माणूस कमरेचे पट्टे आवळत होता.

"तोडतायत," चित्रकार म्हणाला. त्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घालायचा विसरला.

"काहीतरीच. आधी चहा घे."

"अगं, क्रेन आलीय. ते गेलं तर मी परत... तुला माहितीये."

तिला माहीत होतं. तिने सोफ्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

"कोणी हात लावत नाही त्याला," ती म्हणाली. "अख्ख्या वस्तीचा जीव अडकलाय त्याच्यात."

तो थक्क झाला. बावीस वर्षांच्या संसारात ती असं पहिल्यांदाच बोलत होती. "म्हणजे तुलाही जाणवतं?"

"स्वयंपाकघरात जरा कमी जाणवतं. तू थांब, मी खाली जाऊन विचारून येते."

पण तो पायात तिच्याच चपला सरकवून निघालाही होता. इथे आल्यापासून तीन वर्षांत तो त्या झाडाजवळ एकदाही गेला नव्हता. देवाच्या गळ्यात पडायचं नसतं, असं त्याचं म्हणणं.

धापा टाकत त्याने जाळीचं कुंपण गच्च धरलं. "दादा, हात जोडतो. एकच चित्र राहिलंय. तोडू नका."

हेल्मेटवाल्याने त्याच्याकडे आणि मग त्याच्या चपलांकडे बघितलं. "कोण तोडतंय, काका?"

"नाही तोडत?"

"छे. अजून पंधरा वर्षं हलत नाही हे इथून."

चित्रकाराने कुंपण सोडलं. तो तिथेच कठड्यावर टेकला. छातीवरचा धोंडा उतरला होता. वर सगळं धूसर, हिरवंगार, शांत. त्याला हसू आलं, थोडं रडूही.

"मग क्रेन कशाला आणलीत?" त्याने डोळे पुसत विचारलं.

"चार फांद्यांचे नटबोल्ट ढिले झालेत," माणूस क्रेनच्या पाळण्यात चढत म्हणाला, "आणि वरचा अँटेना बदलायचाय. तासभर कुणाच्याच मोबाईलला रेंज नसेल."